तू बसलेली चटई

घाटकोपर

संघमित्रा,

भिक्खुणीला म्हणतात तसं ‘आर्याजी’ लिहायला हात धजत नाही गं.

पिंपळाची फांदी घेऊन लंकेला गेलेल्या अशोकाच्या लेकीचं नाव मीच तुला ठेवलं. दर रविवारी विहारात तिची गोष्ट सांगायचो. ती परत आली नाही, एवढं मात्र गाळायचो.

तू भिक्खुणी झालीस, त्या दिवशी बाकी मुलींची नावं बदलली. तुझं भन्तेंनी तसंच ठेवलं. म्हणजे मीच तुला पाळण्यात देऊन टाकलं होतं.

आईने तुला वाकून वंदन केलं. मी बापाचा ताठा घेऊन बाहेर चपलांपाशी उभा राहिलो.

परवा आई गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाला आलीस, तेव्हाही वाकलो नाही. तू गेल्यावर तुझ्या रिकाम्या चटईपुढे डोकं टेकलं.

हे पत्र टाकणार नाही. अजून बापच आहे ना मी.

पप्पा