सहा कपांचा सूड

३ जानेवारी

या वर्षी एकच संकल्प. साडूला त्याच्याच मैदानावर लोळवायचं. वजन, लवकर उठणं, व्यायाम वगैरे पुढच्या वर्षी बघू.

कारण लिहून ठेवतो, म्हणजे राग शिळा होणार नाही. आमच्या बिस्किट कारखान्याची फुटबॉल टीम गेल्या मोसमात साडूच्या रंगाच्या कारखान्याकडून त्यांच्या गावी सहा-शून्य हरली. मी आमचा मॅनेजर, तो त्यांचा. पुढच्याच आठवड्यात माझ्या बायकोच्या वाढदिवसाला हा गृहस्थ सहा कपांचा सेट घेऊन आला. सगळ्यांसमोर म्हणाला, बरोबर सहा आहेत, मोजून घे. सासरे ठसका लागेपर्यंत हसले. बायको म्हणते, भावोजींची आवड चांगली आहे, कडा बघा कशा सोनेरी आहेत.

तेव्हापासून मी चहा स्टीलच्या ग्लासातून पितो. ओठ भाजतात. भाजू देत.

५ जानेवारी

शास्त्रीय अभ्यास सुरू. कारखान्याच्या स्टोअरमध्ये मला काम कमी होतं, म्हणून रिकाम्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर तक्ता केला. डावीकडे घरच्या मॅच, उजवीकडे बाहेरच्या. घरी सात खेळलो, सहा जिंकलो, एक बरोबरीत. बाहेर सात, सातही हरलो. तीच पोरं, तेच बूट, तोच मॅनेजर. म्हणजे दोष मॅनेजरचा नाही, हे पहिल्याच दिवशी सिद्ध झालं. उरलेलं संशोधन सोपं आहे.

९ जानेवारी

कप्तानाला तक्ता दाखवला. भट्टीवर काम करतो, पोरगा हुशार आहे. बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, साहेब, घरच्या मॅचला आम्ही सायकलने थेट मैदानावर येतो, बाहेरच्या मॅचला मात्र दोन तास बसमध्ये असतो आणि बसमध्ये... मी त्याला तिथेच थांबवलं, कारण पुढचं मलाच सुचलं होतं. बसच्या सीट! पाठ आखडते. इतके दिवस हे कोणाच्या लक्षात कसं आलं नाही?

आपल्याकडे डोकं वापरायची पद्धतच नाही.

२० जानेवारी

बाहेरची मॅच, सिमेंटवाल्यांशी. बायको माहेरी होती, म्हणून घरातल्या सगळ्या उशा बसमध्ये नेल्या. तरी तीन-शून्य हरलो.

चूक उशांची नाही. पोरांनी त्या पाठीला न लावता कानांना लावल्या. त्यामुळे मला माइकचा आवाज वाढवावा लागला. ही सहलीची बस आहे, ड्रायव्हरशेजारी माइक आहे, तेवढं एक बरं. घरच्या मॅचला बोलायला मला जेमतेम दोन मिनिटं मिळतात. बाहेर जाताना पूर्ण दोन तास मिळतात. बचाव, चढाई, आहार, चारित्र्य, सगळं समजावून सांगतो. तरी हरतात. म्हणजे दोन तास कमी पडतायत.

उशा परत आणल्या. एकीला ग्रीस लागलंय. बायकोला अजून दिसलेलं नाही.

२१ जानेवारी

दिसलं.

२७ जानेवारी

घरची मॅच. चार-एक जिंकलो. स्टोअरमध्ये माल आल्यामुळे मी पोचलो तेव्हा लोक परत निघाले होते. आपण आधीपासून करून ठेवलेली तयारी अशी कामी येते.

४ फेब्रुवारी

बाहेर. कागदाच्या गिरणीशी पाच-एक. नवं कारण सापडलं: फोन. मी माइकवर जीव तोडून बोलतोय आणि गोलकीपर आईला मेसेज करतोय. पुढच्या वेळी बसमध्ये चढताना सगळ्यांचे फोन माझ्या पिशवीत. ड्रायव्हरचासुद्धा. शिस्त म्हणजे सगळ्यांना शिस्त.

१० फेब्रुवारी

साडूचा फोन आला. हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि मग सहज विचारल्यासारखं विचारलं, सतरा तारखेला पोरांबरोबर बसने तूच येतोयस ना? येतोय म्हटल्यावर म्हणाला, वा, मग काळजी नाही.

घाबरलाय.

१४ फेब्रुवारी

सुडाचा आराखडा पक्का. सहाही कप पेंढ्यात गुंडाळून बिस्किटांच्या खोक्यात घालून नेणार. जिंकल्यावर सगळ्यांसमोर साडूच्या हातात खोकं द्यायचं आणि दोनच शब्द बोलायचे. मोजून घे. आरशासमोर वीसेक वेळा म्हणून बघितलं. आवाज शांत हवा, भुवई थोडी वर. बायकोने बाहेरून विचारलं, काय मोजायचंय. मी म्हणालो, काही नाही.

१६ फेब्रुवारी

दोन तासांच्या भाषणाची रंगीत तालीम केली. आठ मुद्दे, त्यात "घराणं आणि अपमान" हा नवा. घसा बसला. उद्यापर्यंत सुटेल. शेजाऱ्यांनी भिंत ठोकली. मोठ्या कामाची कदर कोणाला नसते.

१७ फेब्रुवारी, सकाळ

निघालो. फोन जमा केले, माझा धरून सोळा. कपांचं खोकं माझ्या सीटवर. आवाज अजून घोगरा आहे, म्हणून भाषण गावाबाहेरच्या पेट्रोल पंपानंतर सुरू करणार. तिथे बस थांबली की घशाच्या गोळ्या घेतो.

त्याच दिवशी, पेट्रोल पंप

गोळ्या घेतल्या. बाहेर आलो तर बस नाही.

काळजीचं कारण नाही. माझ्याशिवाय जातील कुठे? फोन करावा म्हटलं, तर सगळे फोन माझ्याच हातातल्या पिशवीत.

थोड्या वेळाने

एका टेम्पोवाल्याने तिकडे सोडतो म्हटलं. मी नको म्हणालो. पोरं मला शोधत परत येणार आणि मी नसलो तर गोंधळ उडेल.

दुपार

अजून परत आले नाहीत. पिशवी सारखी वाजतेय. गोलकीपरच्या आईने विचारलं, जेवला का. मी हो म्हणालो. ड्रायव्हरच्या बायकोने मला ड्रायव्हर समजून बरंच सुनावलं. ऐकून घेतलं. पंपावरचा माणूस मघापासून माझ्याकडे आणि पिशवीकडे संशयाने बघतोय.

आठ मुद्दे मनातल्या मनात दोनदा म्हणून झाले. समोर कोणी नसलं की भाषणाला काही अर्थ नसतो.

संध्याकाळ

माझा फोन वाजला. साडू. तीन-शून्य, म्हणाला. मी मनाची तयारी करून म्हणालो, ठीक आहे, या वेळी सहाचे तीन झाले. तो म्हणाला, अरे, तुम्ही जिंकलात. पोरं काय ताजीतवानी खेळली! आणि मग, अगदी मनापासून वाईट वाटल्यासारखा विचारू लागला, पण तू का नाही आलास रे?

सूड पूर्ण झाला. मी पेट्रोल पंपावर होतो.

१८ फेब्रुवारी

कप्तान घरी आला. म्हणाला, साहेब, बस इतकी शांत होती की आम्हाला वाटलं, तुम्ही मागच्या सीटवर घसा सांभाळत पडलायत. उठवू नये म्हणून कोणी बघितलं नाही. आम्ही सगळे झोपलो ते मैदान येईपर्यंत. उतरताना तुम्ही नाही असं कळलं, पण तोवर वेळ झाली होती. मग माझ्या सीटवरचं खोकं यजमानांसाठी भेट असेल असं समजून त्याने ते साडूला दिलं. नमस्कार करून.

खोकं त्याने परत आणलं होतं. उघडलं. आत तीन कप. साडूचा निरोप असा: तीन गोल खाल्ले, तीन कप ठेवून घेतले, मोजून घे. उरलेले तीन तुझ्याकडेच राहावेत अशी फार इच्छा आहे, म्हणून पुढच्या वर्षी तू बसनेच ये.

वाक्य माझं होतं. वीसेक वेळा म्हणून बघितलं होतं.

जाताना कप्तानाने खिशातून घशाच्या गोळ्यांची मोठी बाटली काढली. सगळ्या टीमने मिळून आणलीय, म्हणाला. पुढची मॅच बाहेर आहे साहेब, तोवर घसा असाच जपा. बोलताना माझ्याकडे बघत नव्हता.

तो गेल्यावर तक्ता काढला. बाहेरच्या बाजूला पहिला विजय लिहिला. शेजारी कारण लिहायची जागा आहे. आधी "हवा" लिहिलं. खोडलं. "गाढ झोप" लिहिलं. तेही खोडलं. आता तिथे पुठ्ठा फाटलाय.

बायको सेट मोडला म्हणून सकाळपासून बोलत नाही. संध्याकाळी उरलेल्या तीनपैकी एका कपात चहा आणून समोर ठेवला आणि आत गेली. ग्लास मागायचा धीर झाला नाही. प्यालो. ओठ भाजले नाहीत. कप चांगले आहेत.