न दुखलेल्या खांद्याबाबत

टक्क. लोखंडी फळ्यावर चुंबकाची पट्टी बसली की असा आवाज व्हायचा. आमच्या बेसबॉल क्लबाच्या कचेरीतल्या त्या लांब, बिनखिडकीच्या खोलीत भिंतभर फळा होता. वर मोठा संघ, खाली लहान गावांतले आमचे पाच संघ, आणि प्रत्येक खेळाडूच्या नावाची एक पट्टी. पोरगा वरच्या संघात चढला की पट्टी वर जायची, टक्क. त्याला नारळ दिला की ती खालच्या पत्र्याच्या डब्यात पडायची. तो आवाज निराळा. एकतीस वर्षे मी तो फळा सांभाळला. गेल्या मंगळवारी पहाटे त्या डब्याच्या आवाजाने जागा झालो आणि तेव्हापासून हे लिहितो आहे.

मी, एल्डन प्रूइट, वय एकोणऐंशी, राहणार मिल्स क्रॉसिंग, टेनेसी, लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. हात थरथरतो तो वयाने, कुणाच्या धाकाने नव्हे. याआधीची माझी दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. दुसरे तर मी रागाच्या भरात लिहिले होते.

कलम १. राहते घर, आतले सामान आणि अंगणातले पिकानचे झाड माझी मुलगी कॉरा हिला. झाड तोडू नये. कॉरा, तुझी आई गेली त्या आठवड्यात मी कॅरोलिनात एका सतरा वर्षांच्या पोराची धाव मोजत होतो. तू त्याबद्दल मला कधी बोलली नाहीस. बोलायला हवे होतेस. तो पोरगा पुढे दंतवैद्य झाला.

कलम २. बँकेतली शिल्लक निम्मी कॉराला, निम्मी गावच्या शाळेच्या ग्रंथालयाला, फक्त कवितेच्या पुस्तकांसाठी. फुटबॉलच्या गणवेशांसाठी त्यातला एक सेंट वापरला तर मी स्वस्थ पडणार नाही. आमच्या मिस हेस्टर लाइल सहावीच्या वर्गाला उभे करून कविता म्हणायला लावत. "ओळ संपली म्हणून थांबू नका, अर्थ संपला की थांबा," असे त्या सांगत. पुढे शेकडो पिचरांना मी हेच सांगितले. हातातून चेंडू सुटला म्हणजे फेक संपली असे नाही, अंग पुढे जाऊ द्या. त्यांना वाटे मी काही मोठे शास्त्र सांगतो आहे.

कलम ३. चेंडूचा वेग मोजायची बंदूक औषधांचे दुकानदार वेंडेल हॉब्स यांना. त्यांच्या रस्त्यावरून पोरे गाड्या पळवतात अशी त्यांची बारा वर्षांची तक्रार आहे. आता पुरावा गोळा करा, वेंडेल. गवती हॅट कुणालाही द्या, घामाचा वास जाणार नाही.

कलम ४. खेळाडूंच्या नोंदींच्या माझ्या चौसष्ट वह्या क्लबाच्या कचेरीतल्या मिस डेलिला व्हॅन्स यांना. वय एकोणतीस, खेळाडूंचा हिशेब संगणकावर मांडतात, आणि कचेरीतून मला भेटायला आलेल्या त्या एकट्याच. त्यांनी पहिली वही चाळली.

"मिस्टर प्रूइट, यात आकडे कुठे आहेत?"

"शेवटच्या ओळीत."

"आणि वरचं सगळं?"

"वरचं खरं आहे."

त्या हसल्या, आणि तिथेच बसून पुढची दोन पाने वाचली. म्हणून वह्या त्यांना. आमच्यात गुण विसापासून ऐंशीपर्यंत देतात. पन्नास म्हणजे मोठ्या संघातला साधारण माणूस. एका पिचराबद्दल मी लिहिले होते, "याचा चेंडू दारापर्यंत येतो आणि ऐनवेळी त्याला दुसरे काम आठवते." साहेब ओरडले, "प्रूइट, कविता नको, आकडा दे." मी पासष्ट दिले. कविता जास्त बरोबर निघाली.

मिस व्हॅन्स, एवढे ध्यानात ठेवा. एक पिचर हवा तर पाच पेरा, चार वाया जातात. संघ मधून बांधा: कॅचर, शॉर्टस्टॉप, मधल्या मैदानातला गडी. कडेची माणसे मागाहून मिळतात. मोठ्या संघातली जागा भरायला कोवळा पोरगा घाईने वर ओढू नका. आणि जो पोरगा तुम्हाला मनापासून आवडतो त्याच्याबद्दलच सगळ्यात जास्त सावध राहा. का, ते कलम सहामध्ये आहे.

कलम ५. माझे जुने साहेब लेलँड बक्स्टन, हल्ली मुक्काम फ्लोरिडा, यांना काहीही नाही. तीस वर्षे मी त्यांना शिव्या दिल्या की हा माणूस खेळाडू पाहत नाही, नुसता कागद वाचतो. पण तो कागद मी लिहिला होता.

कलम ६. १९७९ च्या सप्टेंबरात आमच्या एका लहान संघात रॉयस टिलेट नावाचा बावीस वर्षांचा पिचर होता. दर हिवाळ्यात क्लबाला चाळीस नावांची यादी द्यावी लागते. यादीतल्यांना कुणी हात लावू शकत नाही, पण बाहेर राहिलेल्या जुन्या पोरांना दुसरे क्लब उचलू शकतात. माझ्याकडे एकच जागा उरली होती आणि ती एका कॅचरला द्यायची होती. मग रॉयसला झाकून ठेवायचे ठरवले. असे सगळेच क्लब करीत. मैदानामागे गाड्या लावायच्या जागेत मी त्याला गाठले.

"रॉयस, आजपासून तुझा खांदा दुखतो."

"नाही दुखत, साहेब."

"म्हणून तर. सहा आठवडे दुखू दे. पाहायला आलेले लोक कंटाळून जातील. वसंतात तुला वर नेतो."

"घरी काय सांगू?"

"हेच. तुमच्या गावच्या न्हाव्याकडे चार क्लबांचे कान आहेत."

"तुम्ही सांगेपर्यंत तोंड उघडणार नाही," तो म्हणाला आणि हसला. मी अहवालात लिहिले: खांदा गेला.

डाव साधला. डिसेंबरात त्याला कुणी उचलले नाही. जानेवारीत मालकाने बक्स्टनना आणले. मी तीन आठवडे व्हेनेझुएलात खेळाडू हेरत होतो. परतलो तेव्हा फळ्यावर रॉयसची पट्टी नव्हती. माझा अहवाल वाचून बक्स्टननी त्याला नारळ दिला होता.

तेव्हा बोललो असतो तर खोट्या दुखण्याबद्दल क्लबाला दंड झाला असता आणि मी घरी बसलो असतो. मी बोललो नाही. एवढेच असते तरी एक वेळ चालले असते. पण दोन क्लबांनी मला फोन करून विचारले, "खांदा खरंच गेलाय का हो?" मी म्हणालो, "कागदावर आहे ते आहे." त्याने स्वतः सांगितले असते तरी कुणी मानले नसते. नारळ मिळालेला प्रत्येक पिचर म्हणतोच की माझा हात धडधाकट आहे. आणि त्याने शब्द दिला होता. त्यातून मी त्याला कधी मोकळे केले नाही.

आज तो लॉरेल गॅपला शाळेची बस चालवतो. तिथे त्याला 'काचेचा टिलेट' म्हणतात. शाळेच्या संघाचा प्रशिक्षक व्हायला त्याने दोनदा अर्ज केला. "स्वतःचा खांदा सांभाळता आला नाही, तो पोरांचे काय सांभाळणार," असे म्हणून दोन्ही वेळा नाकारला.

तरी माझ्यामागे हे कलम लॉरेल गॅपच्या साप्ताहिकात छापावे, एक प्रत शाळेला आणि एक क्लबाला द्यावी. रॉयस टिलेट याचा खांदा कधीही दुखला नव्हता. त्याच्या हाताला माझे गुण सत्तर. एवढे मी आयुष्यात तिघांनाच दिले.

काल साक्षीसाठी बोलावलेल्या ओडेट फिंच यांनी हे कलम वाचले. पस्तीस वर्षे टपाल कचेरीत काढलेली बाई, दुसऱ्याचे वाचायची सवय आहे.

"एल्डन, हे तू मेल्यावर छापायचं?"

"मृत्युपत्र आहे, ओडेट."

"भित्रा आहेस. लॉरेल गॅप इथून चाळीस मैल आहे."

"मला आता गाडी चालवता येत नाही."

"फोन उचलता येतो ना?"

मी विषय बदलला. त्या कॉफी न पिता गेल्या.

वरील सर्व मी वाचून पाहिले, ते माझ्या मनाप्रमाणे आहे.

सही: एल्डन प्रूइट
ठिकाण: मिल्स क्रॉसिंग, टेनेसी
तारीख: १४ ऑक्टोबर २०११
साक्षीदार पहिले: वेंडेल हॉब्स (सही)
साक्षीदार दुसरे:

सहीखालचा मजकूर कायदा धरत नाही असे वेंडेल म्हणतात. न धरो. ओडेट आज परत आल्या, सहीला पेन हातात घेऊन वाकल्या तोच दार वाजले. उघडायला त्या अशा लगबगीने गेल्या की लॉरेल गॅपला फोन कुणी केला ते मला समजले. मला वाटले, रॉयस आला.

दारात काठी टेकून एक म्हातारी उभी होती, माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठी. वेंडेल म्हणाले, "आत या, बसा."

"बसायला नाही आले. मी रॉयसची आई. सोळा महिने रोज जेवण झालं की मी त्या खांद्याला कापराचं तेल चोळत होते. पोरगं मुकाट बसून राहायचं. या बाई म्हणतात, त्याला काय झालं होतं ते तुम्हाला ठाऊक आहे."

मी कलम सहाचा कागद पुढे केला.

"चष्मा आणला नाही मी," ती म्हणाली. "तोंडानं सांगा."

मी पुन्हा टेबलाशी येऊन हे लिहीत बसलो आहे. ती अजून उंबऱ्यातच उभी आहे आणि माझ्या हाताकडे पाहते आहे.

"लिहिणं पुरे झालं, मिस्टर प्रूइट."