तो भाग माझाच होता

सर, तुम्हाला जाऊन आता बरीच वर्षं झाली, आणि मी तुमच्याबद्दल एक खोटं परवा पुन्हा होऊ दिलं.

तुमचं विज्ञानकथांचं ते हौशी मासिक आता कुणाला ठाऊक नसेल असं मी धरून चालले होते. शाळेतून आलात की तुम्ही स्वयंपाकघरातल्या ओट्याशेजारी बसून स्टेन्सिलवर अक्षरं कोरायचा, रविवारी सायक्लोस्टाइलचा दांडा फिरवायचा, आणि काकू शाईचे हात धुवायला राख काढून ठेवायच्या. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. माझ्या कथेत यानात नवरा-बायको दोघंच असतात. तिथं वजन नाही, त्यामुळे जवळ यायचं तर एकमेकांना घट्ट धरून ठेवावं लागतं. ते पान तुमच्या हातात देताना माझी मान वर होत नव्हती. तुम्ही वाचलंत आणि पेन्सिलनं समासात एवढंच लिहिलंत : 'क्रिया-प्रतिक्रिया. नुसती तीच नाही, दोघंही मागे ढकलले जातील.' मग म्हणालात, "बाकी एक अक्षर बदलायचं नाही."

अंक गेला आणि पत्रं आली. घरात मुली वाचतात, यात विज्ञान कुठं आहे, हे बाहेरच्या देशातलं खूळ आपल्याकडे कशाला. तुम्ही सगळी छापलीत, आणि खाली उत्तर दिलंत की माणूस आकाशात गेला म्हणून त्याचं शरीर खाली राहत नाही. तो अंक पंचवटीत आमच्या घरी पोचला. अण्णा यजमानांची पूजा आटोपून आले होते, सोवळंही सोडलं नव्हतं. माझं लग्न ठरत होतं. ते आवाज न चढवता म्हणाले, "कागद घे. लिही. तो भाग माझा नाही, संपादकांनी घातला." आई दारात उभी आहे. मी लिहिते.

दुसऱ्या दिवशी ते पत्र मीच तुमच्याकडे घेऊन आले. तुम्ही उभ्यानंच वाचलंत.

"हे तू लिहिलंस?"

"अक्षर माझं आहे, सर."

"छापलं नाही तर घरी काय होईल?"

तुम्ही खाली बसलात आणि माझ्यासमोरच ते पत्र स्टेन्सिलवर कोरायला घेतलंत. खाली स्वतःचा एक शब्दही घातला नाहीत. पुढच्या महिन्यात तुम्हाला शाळेत मुलींच्या वर्गावरून काढलं. मासिक त्या अंकानंतर निघालं नाही. माझं लग्न मात्र ठरल्या दिवशी झालं.

परवा गंगापूर रोडच्या आमच्या फ्लॅटवर एक मुलगी आली. जुन्या विज्ञानकथांवर प्रबंध लिहितेय. मोबाइलवर तिनं माझं ते पत्र दाखवलं. "मॅडम, तुमच्यावर केवढा अन्याय झाला. बाईच्या कथेत संपादक स्वतःच्या मनातलं घुसडतो. माझं एक प्रकरणच यावर आहे." सूनबाई शेजारीच भाजी निवडत होती. तिचे हात थांबले. मी म्हटलं, "फार जुनी गोष्ट आहे गं." त्या मुलीनं ते होकार म्हणून लिहून घेतलं. अण्णा गेले, आई गेली, माझे यजमानही गेले. आता मला अडवणारं कुणी उरलेलं नाही, तरी तोंड उघडेना. खरं सांगावं तर इतकी वर्षं गप्प का होते, हेही सांगावं लागेल.

काल तिनं ते प्रकरण मेलवर पाठवलं, चूक असेल तर कळवा म्हणाली. मी दोन ठिकाणचं शुद्धलेखन कळवलं.

त्यात तिनं तो सगळा भाग उतरवून घेतलाय, सर. लग्नानंतर मी तो पहिल्यांदाच वाचला. चांगला लिहिला होता मी.