पऱ्हाटीचं इथेनॉल

माय, तू असतीस तर आधी विचारलं असतंस की मी पुण्यात नेमकं करते काय. एखादा कारखाना उभा राहण्याआधी त्याला खर्च किती येईल आणि त्यानं हवेचं भलं होईल की वाईट, हे आम्ही काढून देतो. मागच्या वर्षी मलकापूरजवळच्या एका कारखान्याचं काम माझ्याकडे आलं. कापूस वेचून झाल्यावर शेतात उरणारी पऱ्हाटी कमी हवेत तापवून तिचा गॅस करायचा, तो उंच टाक्यांतल्या पाण्यात सोडायचा. पाण्यातले जिवाणू त्या गॅसवर जगतात आणि इथेनॉल तयार करतात. पेट्रोलमध्ये मिसळतात ते. कागदावर सगळं छान जुळत होतं, कारण पऱ्हाटी तिथं टाकाऊ धरली होती.

तो शब्द वाचला आणि आपलं स्वयंपाकघर आठवलं. अवकाळी पावसात भिजलेला पऱ्हाटीचा भारा मी तसाच आत आणते, चूल काही पेटत नाही, घर धुरानं भरतं. तू फुंकणी खाली ठेवतेस. "ओली काऊन आणली बाई? आता भाकरी कशावर टाकू?" त्या संध्याकाळी आपण मुरमुरे खाल्ले.

मी गावाला गेले. शेजारची काकी अजून आहे. तिच्याकडे सिलिंडर आला आहे, पण तो चहापुरता आणि पाहुण्यांपुरता. भाकरी आणि आंघोळीचं पाणी चुलीवरच. पऱ्हाटी कारखान्यात गेली तर काय जाळणार, असं मी विचारलं. नाल्याकाठची बाभूळ तोडू, असं तिनं सहज सांगितलं. उलट, मोठ्या शेतांत पऱ्हाटी बांधावर तशीच पेटवून देतात, तेही मी पाहिलं. म्हणजे गाव एकच, पण पऱ्हाटी टाकाऊ आहे का, याची उत्तरं दोन. शिवाय गॅस पाण्यात सहजी विरघळत नाही, तो पाण्यात मिसळत ठेवायला सतत वीज लागते. इथेनॉल इतकं पातळ निघतं की ते वेगळं करायला वाफ लागते. वीज कोळशाची असेल तर हवेचा फायदा बराचसा तिथंच संपतो आणि खर्चही वाढतो.

आमच्या साहेबांचं म्हणणं होतं की आपल्याला चुलींबद्दल कुणी विचारलेलं नाही. तरी मी चुली हिशोबात ठेवल्या. त्याच धुरानं तुझी छाती गेली, म्हणून चुलीचा धूरही ठेवला. साहेबांनी अहवाल तसाच पाठवला. काही महिन्यांनी कारखाना काढणाऱ्या कंपनीनं मलकापूर सोडलं. आता ते लोक दुसऱ्या राज्यात पोलादाच्या कारखान्याच्या धुरावर हेच करणार आहेत. तिथं गॅस आयता मिळतो, हिशोब बरा बसतो, हे मलाही मान्य आहे.

काकीला फोनवर सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "कारखाना आला असता तं माह्या सुनेले काम भेटलं असतं. तुले काय वाटते, बरं झालं का?"

आकडे बरोबर आहेत, एवढंच मी तिला सांगितलं. तिनं ते विचारलं नव्हतं. हे पत्र कुठं पाठवायचं नाहीच, म्हणून लिहिते: नुसती तुझी आठवण आली म्हणून मी लिहायला बसले नाही, माय. काकीचा प्रश्न तुला विचारायला बसले: बरं झालं का?