शिडी आमच्या घरची

१ जानेवारी १८९५, मंगळवार

जकात नाक्यावर मी कारकून आहे; तिथले साहेब रोज डायरी लिहितात. आजपासून मीही लिहिणार. कोलशेतच्या कोळ्यांत चार इयत्ता पास झालेला मी पहिलाच, तेव्हा डायरीची सुरुवातही मीच केलेली बरी.

नवीन वर्षाचे ठराव : इंग्रजी शिकायचं. अक्षर सुधारायचं. आमच्या पोरीबद्दल लिहायचं नाही. गेल्या शिमग्यात देवीची साथ आली आणि पोर गेली. झालं. पुन्हा लिहायचं नाही.

आवडी (माझी बायको) तेव्हापासून फारशी बोलत नाही. पहाटे बंदरावर जाते, होडीतून फेकलेल्या मासळीच्या पाट्या झेलते, घरी येते, ओट्याकडे बघत बसते. आई म्हणते सून मुकी झाली. मी आवडीची समजूत घालणार आहे. काय बोलायचं ते तेवढं ठरवायचं आहे.

१९ जानेवारी

ठाण्याला अण्णा म्हसकरांची सर्कस आलेली आहे. आवडीचं मन रमेल म्हणून घेऊन गेलो. वाघ म्हातारा. सिंहाचं नुसतं चित्र.

पण एक नवाच खेळ पाहिला. अमेरिकेच्या बोटीवरच्या कुणा खलाशाने अण्णांना शिकवला म्हणे. तिकडे बायकासुद्धा खेळतात. दोन बाजू, दर बाजूला पाच बायका, मध्ये कातड्याचा चेंडू. तो घेऊन पळायचं नाही. एकमेकींकडे फेकत न्यायचा आणि उंच खांबावर बांधलेल्या टोपलीत टाकायचा. नाव बास्केटबॉल. सर्कशीतल्या बायकांना एकदाही जमलं नाही. शेवटी चेंडू पब्लिकमध्येच आला. आवडीनं बसल्या जागेवरून एका हाताने झेलला, उठली, आणि तिथूनच टाकला. गेला टोपलीत!

मग ती हसली. अगदी मोठ्यानं. शेजारचे लोक वळून बघायला लागले. मला एकदम रडू आलं. डोळ्यात भुसा गेला असावा.

सर्कशीला न्यायची माझी कल्पना फारच उत्तम होती.

२० जानेवारी

अण्णा म्हसकर स्वतः आमच्या दारात! आवडीला पगारावर खेळायला बोलावतात. आईनं कपाळाला हात लावला. कोल्याची सून तंबूत नाचनार कं, म्हणाली. आवडी म्हणाली, नाचनार नाय, टाकनार. वर्षभरात सासूला दिलेलं हे पहिलं उत्तर.

अण्णांची नजर आमच्या बांबूच्या शिडीवर गेली. कोणाची, असं विचारलं. आमच्या घरची, मी म्हणालो. त्यांनी ती हलवून पाहिली, उंची पाहिली, आणि म्हणाले की तुम्हीही या, शिडी घेऊन.

थोडक्यात, मला मॅनेजर नेमलं.

२३ जानेवारी

नाक्यावर राजीनामा दिला. सही इंग्रजीत केली. साहेबांनी ती बराच वेळ पाहिली.

२७ जानेवारी

पहिला सामना. बाकीच्या बायका झगे घालून, आवडी आपलं लुगडं घट्ट कासोटा मारून. पब्लिक आधी हसलं, मग हसायचं थांबलं.

माझं काम नीट लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कुणी शंका काढू नये. टोपलीला बूड असतं. चेंडू आत पडला की आतच राहतो. मग मी खांबाला शिडी लावून वर चढतो, चेंडू काढतो, पब्लिकला दाखवतो, सलाम करतो आणि खाली टाकतो. तोपर्यंत सगळा खेळ थांबलेला असतो. अख्खा तंबू माझ्याकडे बघतो. खरं पाहता खेळ माझ्यावरच चालतो.

दुसऱ्या टोकाच्या टोपलीतून चेंडू काढायचं काम सर्कशीचं माकड करतं. त्याला शिडी लागत नाही. तुलना करण्यात अर्थ नाही.

एकच तक्रार. मी चढायला लागलो की आवडी आपली जागा सोडून धावत येते आणि शिडी खालून दोन्ही हातांनी धरून उभी राहते. बरं दिसत नाही. मी तसं तिला सांगितलं. ती म्हणाली, शिडी हलते. मी म्हणालो, मुळीच हलत नाही. आणि खरोखरच हलत नव्हती.

१० फेब्रुवारी, कल्याण

तळ्याजवळच्या मैदानात तंबू. टिटवाळ्याहून लोक गाडीने येतात, डोंबिवलीहून येतात, मानपाड्याचे शेतकरी बैलगाड्या जोडून येतात. सगळे आवडीला बघायला. ती चेंडू हातात घेते तेव्हा पोरंसुद्धा गप्प होतात. सुमती नावाची झुल्यावर खेळणारी बाई आहे, ती म्हणाली की एवढ्या वर्षांत असा हात पाहिला नाही. मी म्हणालो, थँक यू. ती म्हणाली, तुमचा नाही.

आवडी आता गाते. लुगडं धूत असताना ऐकलं. मला ऐकू आलं हे कळताच थांबली.

इंग्रजी : पान दुसरं.

१७ फेब्रुवारी

सामना संपल्यावर आवडी जेवायला थांबते. मी वेळेवर जाऊ शकत नाही. शिडीवरून उतरलं की लोक भोवती जमतात, वरून कसं दिसतं ते विचारतात. आज गेलो तर भात गार झालेला. ती तशीच बसून होती. म्हणाली, जरा लवकर खाली येत जा. कामाची जबाबदारी बायकांना समजत नाही.

उद्यापासून लवकर उतरणार.

११ मार्च, होळी

वर्ष झालं. लिहायचं नाही असा ठराव आहे.

सामन्याला आवडी उतरणार नव्हती. अण्णांनीही तिला एक दिवस सुट्टी दिली. मला म्हणाली, आज नको जाऊस वरती, माझेजवल बस. मी म्हणालो, मॅनेजरच नसेल तर खेळ कसा चालेल. तिनं पुन्हा सांगितलं नाही. मी गेलो.

आज चढताना एक पायरी चुकली. सुमतीने धावत येऊन शिडी धरली. उगाचच.

परत आलो तेव्हा आवडी भिंतीकडे तोंड करून निजलेली होती. झोप लागली असावी. उद्या तिच्याशी त्या विषयावर सविस्तर बोलणार.

१२ मार्च

आवडीला आता बरं आहे. बोलून कशाला पुन्हा दुःख द्यायचं.

२४ मार्च

घात झाला. भर सामन्यात माझ्या टोपलीचं बूड निसटलं. आवडीनं टाकलेला चेंडू आत गेला आणि खालून बाहेर पडला. तिनं तो तसाच झेलला, पुढे फेकला, खेळ चालूच राहिला. मी शिडी खांद्यावर घेऊन मैदानात मधोमध उभा. लोक ओरडायला लागले, बाजूला हो, बाजूला हो.

खेळ कसा पळायला लागला म्हणून पब्लिक खूश. अण्णा तर इतके खूश की त्यांनी दुसऱ्याही टोपलीचं बूड कापून टाकलं. माकडाला त्याची जुनी सायकल परत मिळाली.

आवडीला मात्र वाईट वाटायचं सोडून आनंदच झाला. म्हणाली, बरा झाला, आता तू खाली माझेजवल बसशील. नवऱ्याची नोकरी गेली याचा आनंद मानणारी बायको मी पहिल्यांदाच पाहिली.

२८ मार्च

विचार करून ठरवलं. बूड नसलेली टोपली ही टोपलीच नव्हे. रविवारी ठाण्याहून कलेक्टरसाहेब मडमेला घेऊन सामना बघायला येणार. त्यांच्यापुढे फाटकी टोपली शोभेल का? हा सर्कशीच्या अब्रूचा प्रश्न आहे. माझ्या शिडीचा इथे काही संबंध नाही.

३० मार्च

दुपारी सगळे जेवून आडवे झाले तेव्हा टोपली काढली, जाळ्याच्या दोऱ्यानं बूड शिवलं आणि परत बांधली. काम मजबूत झालं. जाळं शिवायला मला कधी जमलं नाही असं लोक म्हणतात, पण ते गाठीच्या दिसण्यावर जातात.

३१ मार्च

घाईत लिहितो.

आवडीची बाजू पुढे होती. तिनं लांबून चेंडू टाकला. आत गेला. खाली झेलायला हात पसरून ती उभी. चेंडू आलाच नाही. तिला कळेना. ती वर बघतच राहिली. मी शिडी घेऊन धावलो आणि खांबाच्या दोरीत अडकून पडलो. माकडाची सायकल बाजूला ठेवलेली, तिच्यावर शिडी. साहेब हसले, मडम हसली, सगळा तंबू हसला. चेंडू निघाला तोवर समोरच्या बायका नवा चेंडू मागवून पुढे गेल्या. आमची बाजू हरली.

अण्णांनी टोपली काढून सगळ्यांपुढे धरली. बूड कोणी शिवलं, विचारलं. आवडीनं पुढे होऊन गाठ बघितली. माझी गाठ उलटी बसते. लग्न झाल्यापासून माझ्या जाळ्यातल्या तसल्या गाठी सोडवून तीच नव्यानं घालत आली आहे. तिनं गाठीवरून बोट फिरवलं. माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाली, मीच शिवलं.

अण्णा तिला फार बोलले. साहेबांपुढे नाक कापलंस म्हणाले. ती खाली मान घालून ऐकत होती. मी बोलणारच होतो. योग्य शब्द सापडेपर्यंत अण्णा निघून गेले.

१ एप्रिल

आवडीनं भात वाढला. गरम होता.

९ एप्रिल

सर्कस कोलंबोला निघाली. मुंबईपर्यंत गाडीने, पुढे बोटीने. खेळाडू जाणार, वाघ जाणार, माकड जाणार. माझ्याबद्दल आवडी अण्णांकडे बोलली. अण्णा म्हणाले, शिडीचं काम नाही, पण भटारखान्यात कांदे चिरायला माणूस हवा.

मी साफ नाही म्हणालो. मॅनेजर कांदे चिरत नाही.

आवडी म्हणाली, कांदे मी चिरीन, तू नुसता ये. मग म्हणाली की कोलशेतला ती परत जाणार नाही. ओट्यावर पोर दिसते माना, रोज दिसते. तुला नाय दिसत कं?

मी म्हणालो, उशीर झाला, झोप आता.

दिसते. पण लिहायचं नाही असा ठराव आहे.

एक गोष्ट नक्की. मला सोडून ती जाणार नाही. मी ठाम राहिलो की तीही थांबेल. मग अण्णा येतीलच शरण.

१४ एप्रिल, कल्याण स्टेशन

शिडी घेऊन फलाटावर गेलो. तिला उतरवून घरी न्यायचं म्हणून. ती डब्यात बसलेली होती. खिडकीतून हात बाहेर काढून म्हणाली, ती शिडी टाक नि ये. दोनदा म्हणाली. दुसऱ्यांदा आवाज फुटला तिचा.

मी म्हणालो, शिडी घरची आहे, टाकू कशी. तूच उतर.

गाडी सुटली. ठाण्याला उतरेल असं वाटलं. पुढच्या गाडीने ठाण्याला जाऊन बघणार होतो, पण गार्डाने शिडी चढवू दिली नाही. चालत निघालो.

१५ एप्रिल

कोलशेत. ठाण्याला उतरलेली नाही. पाय सुजलेत.

२० एप्रिल

नाक्यावर गेलो. माझ्या जागी दुसरा कारकून घेतला. त्याचं अक्षर चांगलं आहे.

आवडीचा भाऊ दामाजी मुंबईला तिला पोचवायला गेलेला, तो येऊन गेला. बोट सुटेपर्यंत आवडी कठड्याशी उभी होती म्हणे. शेवटपर्यंत धक्क्यावरच्या गर्दीकडे बघत होती. दामाजी म्हणाला, तुला शोधीत व्हती. मी म्हणालो, शक्य आहे. तो गेल्यावर जेवलो नाही. रडलो. अगदी लहान पोरासारखा.

२८ एप्रिल, रविवार

नवा ठराव. आवडी परत आल्यावर तिला घरीच प्रॅक्टिस करता यावी म्हणून अंगणात खांब पुरला. अण्णांनी फेकून दिलेली माझी टोपली आणलेली होती, ती आधीच टोकाला बांधून खांब उभा केला. उत्तम झालं. मग लक्षात आलं की बूड अजून शिवलेलंच आहे. आवडीला ते आवडणार नाही.

कोयता कमरेला खोचून शिडीवर चढलो. निम्म्यात शिडी हलायला लागली. हिला काय झालं कळेना. इतके महिने कधी हलली नव्हती. तसाच वर गेलो, खांबाला एका हाताने मिठी मारली आणि माझ्या उलट्या गाठी एकेक करून कापल्या. बूड गळून पडलं. टोपलीतून आरपार खालचं अंगण दिसलं. शिडीचा पाय दिसला. तिथे कोणी नव्हतं.

उतरायचा प्रयत्न केला. जमलं नाही. आई मासळी विकायला गेलेली. ती बाजारातून येईपर्यंत वरच बसून होतो.