जागतिक बाजार आणि बाळंतिणीचा डबा

हॅरो, रविवार, ८ जून

ती. कांताताईस,

बबनचा आणि धम्मशीलाचा सप्रेम जयभीम. दाजींनाही जयभीम सांग आणि त्यांच्या डाव्या गुडघ्याची चौकशी केल्याचंही सांग. ऑपरेशनचं विचारलं तर मागच्या फोनला ते "बघू" म्हणाले. दाजींचं "बघू" मी तुझ्या लग्नापासून ऐकतोय, त्यामुळे अजून काही ठरलं नसणार हे गृहीत धरतो. इकडे आम्ही मजेत आहोत. सलग तीन दिवस ऊन पडलं, म्हणून शेजारच्या घरमालकाने अंगातला शर्ट काढून गवत कापलं, आणि कौन्सिलने कचऱ्याचे वार बदलल्यामुळे आख्ख्या गल्लीने चुकीच्या रंगाचे डबे बाहेर ठेवले. याखेरीज विशेष काही नाही. म्हणजे विशेष आहे, आणि तेच सांगायला बसलोय.

गेल्या महिन्यात मी फोनवर "शेअर" एवढाच शब्द उच्चारला आणि तू "बबन, त्या नादाला लागू नकोस" म्हणून फोन ठेवलास. ताई, तू तीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोटा तपासल्यास. एवढा पैसा तुझ्या हाताखालून गेला, की एखाद्या छोट्या देशाचं बजेट निघालं असतं. आणि असं असून तुझा विश्वास कशावर, तर पोस्टातल्या मुदत ठेवीवर! (त्या ठेवीचाच विषय आहे. ती मोडून तू जगाच्या बाजारात पैसे घालावेस, असा सल्ला द्यायला हे पत्र लिहितोय. रागावून फाडू नकोस, आधी शेवटपर्यंत वाच.)

तर जानेवारीत मी रिटायर झालो. एकतीस वर्षं ट्यूबच्या, म्हणजे इथल्या भुयारी रेल्वेच्या, सिग्नल विभागात काढली. आमच्या खात्यात एकच धर्म : शंका आली की लाल दिवा. पेन्शनमधली काही रक्कम एकदम हातात आली. आकडा पत्रात लिहीत नाही, पण इतका होता की मी दोनदा चष्मा पुसला. त्याच सुमारास धम्मशीलाही अठ्ठावीस वर्षं मिडवाइफगिरी करून घरी बसली. बसली म्हणजे एक आठवडा बसली. आठव्या दिवशी सकाळी चहा पिता पिता म्हणाली, "अहो, मला वॉटफर्डला एक किचन भाड्याने घ्यायचंय. बाळंतिणींना घरपोच डबा द्यायचा. चाळीस दिवस. अळीवाची खीर, डिंकाचे लाडू, मेथीची भाजी, बाजरीची भाकरी."

मी म्हटलं, "इथे? बाजरीची भाकरी? कोण घेणार?"

"ज्यांची आई व्हिसा न मिळाल्यामुळे तिकडेच राहिलीये त्या सगळ्या," ती म्हणाली.

मी लाल दिवा लावला. हॉटेलवाल्यांचं काय होतं ते आपण पाहतो, भाडं काय, विजेचं बिल काय, कौन्सिलची तपासणी काय, असं तिला वीस मिनिटं समजावून सांगितलं. ती कपबशा उचलून आत गेली. ताई, तुला आठवत असेल, कल्याणी झाली तेव्हा आम्ही नवीनच आलो होतो. धम्मशीलाची आई येऊ शकली नाही, तू पाठवलेला लाडवांचा डबा कस्टममध्ये अडकून चार महिन्यांनी आला, आणि तोवर मी तिला टोस्ट आणि टोमॅटो सूपवर ठेवलं. (मला तेवढंच येत होतं.) यातलं एक अक्षरही तिने त्या सकाळी काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं, निदान मला भांडता आलं असतं.

मी ठरवलं, पैसा सुरक्षित हाती द्यायचा. पिनरच्या एका बँकेत गुंतवणुकीचा सल्ला देणाऱ्या बाई असतात. त्यांची वेळ घेतली. धम्मशीला सोबत आली, कारण तिला पलीकडच्या दुकानातून लोकर घ्यायची होती. बाईंनी आधी एक प्रश्नपत्रिकाच पुढे ठेवली. जोखमीकडे तुम्ही कसं बघता, हे त्यातून म्हणे कळतं. एक प्रश्न असा : तुमची गुंतवणूक महिन्याभरात वीस टक्के घसरली, तर काय कराल? सगळं विकाल, थोडं विकाल, काहीच करणार नाही, की आणखी घ्याल? मी पेन्सिल चावत बसलो. धम्मशीलाने वेळ जावा म्हणून दुसरा कागद भरला. बाईंनी दोन्ही कागद मशीनमध्ये घातले आणि निकाल सांगितला : मी "अति सावध", दहापैकी दोन. धम्मशीला "धाडसी", दहापैकी आठ. आणि वर बाई हसून म्हणाल्या, "नवऱ्यापेक्षा तुमच्याशीच बोलते!"

ताई, मला ते लागलं. खिशात पाच पौंड आणि ओळखीचा एक पत्ता एवढ्यावर जो माणूस या देशात उतरला, तो अति सावध? मान्य आहे, तो पत्ता मी चार ठिकाणी लिहून ठेवला होता. पण तरी! बाईंनी माझ्यासाठी साधा, संथ, सरकारी रोख्यांचा फंड सुचवला होता. मी त्यांचे आभार मानले, घरी आलो आणि कुणालाही न सांगता फोनवरच्या एका अ‍ॅपमधून सगळी रक्कम "उद्याचं तंत्रज्ञान" नावाच्या फंडात घातली. सगळी. कॉम्प्युटरच्या चिपा, विचार करणारी यंत्रं, आपोआप चालणाऱ्या गाड्या. त्यातली निम्मी नावं मला उच्चारताही येत नव्हती. पण बटण दाबताना छाती अशी फुगली, की दहापैकी नऊ तरी मिळाले असते.

मार्च बरा गेला. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात अमेरिकेने साऱ्या जगाच्या मालावर जकात लावायची घोषणा केली आणि बाजार कोसळला. कुठल्याशा देशातल्या चिपांवर जकात बसली म्हणून हॅरोतल्या बबनची झोप उडावी, यालाच जागतिक अर्थव्यवस्था म्हणतात. सकाळी आठला लंडनचा बाजार उघडायचा आणि माझा टोस्ट ताटलीत तसाच राहायचा. दुपारी अमेरिकेचा उघडला की चहा कडू. घरात चेहरा लपवता येईना, म्हणून मी फुकटचा पास घेऊन मेट्रोपॉलिटन लाइनच्या गाडीत बसू लागलो. हॅरो ते बेकर स्ट्रीट, बेकर स्ट्रीट ते हॅरो. फिंचली रोडनंतर गाडी बोगद्यात शिरायची, फोन बंद पडायचा, आणि तेवढी पाच मिनिटं मी श्रीमंत असायचो.

त्यात चौदा एप्रिल आला. जयंतीच्या कार्यक्रमात माझं भाषण महिन्याभरापूर्वीच ठरलेलं. विषय : अर्थतज्ज्ञ बाबासाहेब. ज्या शहरात बाबासाहेबांनी उपाशीपोटी पैशाचा अभ्यास केला, त्याच शहरात मी भरल्या पोटी, न वाचता, न विचारता पैसे उधळले होते. बोलताना माझा आवाज कापला. लोकांना वाटलं, भावना अनावर झाल्या. टाळ्या पडल्या. मी खाली उतरलो आणि शेवटच्या रांगेतल्या खुर्चीवर बसून धम्मशीलाला सगळं सांगून टाकलं.

तिने ऐकून घेतलं. मग विचारलं, "किती गेले?"

"वीस टक्क्यांच्या वर."

"विकलंत?"

"नाही."

"मग अजून गेले नाहीत," ती म्हणाली. "आणि आता रोज त्या गाडीत बसून काय करता? तिकडे पेट्रोल घालून खरीखुरी गाडी उभी आहे. उद्यापासून माझे डबे पोचवा."

तेव्हा मला कळलं, की किचन भाड्याने घेण्याचं मी नाकारलं, तरी बाईसाहेब थांबल्या नव्हत्या. कौन्सिलमध्ये नाव नोंदवून, तपासणीवाल्यांकडून पाच ताऱ्यांचं स्टिकर मिळवून घरच्याच ओट्यावर तीन बाळंतिणींचा स्वयंपाक चालू होता. मी दिवसभर बेकर स्ट्रीटला, मला कुठून दिसणार! मेथीचा वास यायचा, पण मला वाटायचं, माझ्यासाठीच काहीतरी पथ्याचं करतेय.

मी पोचवलेला पहिला डबा वॉटफर्डला होता. सुप्रभा नावाची मुलगी, कोल्हापूरकडची, बाळ नऊ दिवसांचं. नवरा कामावर गेलेला, केस विंचरलेले नाहीत, दारातच तिने झाकण उघडलं आणि उभ्या उभ्या एक चमचा अळीवाची खीर तोंडात घातली. आणि रडायलाच लागली. मी घाबरलो. मला वाटलं, मीठ पडलंय. मी म्हटलं, "बाळा, काय झालं? बदलून आणू का?" तर म्हणाली, "नाही हो काका. नऊ दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी माझ्यासाठी काहीतरी आणलं. बाकी सगळे बाळासाठीच आणतात." ताई, मी गाडीत येऊन बसलो आणि बराच वेळ किल्लीच फिरवली नाही. डोळ्यांपुढे टोमॅटो सूपचे रिकामे डबे येत होते. त्या दिवशी बाजार वर होता की खाली, हे मला संध्याकाळपर्यंत आठवलं नाही.

तिनाच्या पाच झाल्या, पाचाच्या अकरा. मधल्या काळात कल्याणी घरी आली. ती एका बँकेच्या जोखीम खात्यात मोठ्या हुद्द्यावर आहे, हे तुला माहीतच आहे. तिने माझा फंड पाहिला आणि कपाळाला हात लावला. म्हणाली, "बाबा, तू सगळी पैसा एकाच फंडमध्ये टाकला? पण आता मार्केट पडली म्हणून विकायचा नाही हं. हात लावायची नाही!" (मराठीतली लिंगं तिने एका दमात उलटीपालटी केली, पण सल्ला पक्का होता.) मी तो पाळला. संबंध जग घाबरून विकत असताना तुझ्या भावाने एका पेनीचा हिस्सासुद्धा विकला नाही. ताई, याला संयम म्हणतात. मेच्या मध्यावर रक्कम होती तिथे परत आली, वर चार पैसे जास्तच.

मग मी अर्धी रक्कम काढून बँकेतल्या बाईंनी सुचवलेल्या संथ फंडात घातली. दोन गुण तर दोन गुण! उरलेल्या अर्ध्यातून वॉटफर्डच्या किचनचं वर्षाचं भाडं आणि दोन मोठ्या शेगड्या निघतील, असा हिशेब करून धम्मशीलापुढे ठेवला. मला वाटलं, डोळ्यांत पाणी येईल. तिने कागद दोनदा वाचला आणि म्हणाली, "पैसे लावताय, ठीक. पण गाडी चालवायला तीन महिने प्रोबेशनवर. परवा तुम्ही पिनरचा डबा हॅच एंडला दिलात." सही केली. एक जुलैला किचन सुरू होतंय. नाही चाललं तर पैसे जातील, हे मला नीट माहीत आहे. गंमत म्हणजे झोप छान लागते.

तर ताई, मुदत ठेवीचा विचार कर. जोखीम हा वाईट शब्द नाही. संयम मात्र हवा, आणि तो मी अनुभवाने शिकलोय. दाजींना आराम पडो. पोरांना आशीर्वाद.

तुझा धाकटा,
बबन

ता. क. : धम्मशीलाने पत्र वाचलं. "खरं लिहा, नाहीतर मी पाकिटाला तिकीट लावणार नाही" म्हणते. लिहितो. संयमाचं जे मी वर लिहिलंय, ते थोडं वेगळं घडलं. बाजार कोसळल्याच्या चौथ्या दिवशी मी सगळं विकायला बसलो होतो. पासवर्ड तीनदा चुकला, खातं बंद पडलं. फोन केला तर त्यांनी खातरजमेचा प्रश्न विचारला : जन्मगाव? मी सांगितलं, नाशिक. "स्पेलिंग सांगा." खातं उघडताना मी त्यात "एच" घातला होता की नाही, तेच आठवेना. आधी घालून सांगितलं, मग काढून सांगितलं. ते म्हणाले, आता नवा कोड पोस्टानेच येईल, दहा कामाचे दिवस. त्यात ईस्टरच्या सुट्ट्या आल्या. कोड हातात पडेपर्यंत बाजार सावरायला लागला होता. तेव्हा ठेवीचं जे वर लिहिलंय ते विसर. ती पोस्टातच राहू दे.

आणखी एक ता. क. : पाकीट चिकटवत होतो, एवढ्यात धम्मशीलाच्या वेबसाइटवर एक ऑर्डर आली. चाळीस दिवसांचा पूर्ण डबा, डिसेंबरच्या मध्यापासून, सगळे पैसे आगाऊ. पत्ता पिनरचा. मी म्हटलं, वा, कोण ही दूरदृष्टीची बाई? धम्मशीलाने नाव वाचलं आणि खुर्चीवर बसली. कल्याणी. आमची कल्याणी! फोन लावला तर म्हणते, "आई, बारा आठवडे झाली, आता सांगायचा ठरवला." जावई प्रज्ञेश मागे ओरडत होता, काय ते कळलं नाही. धम्मशीला हसतेय आणि रडतेय, आणि मेथी करपतेय.

ताई, धम्मशीला म्हणते लेकीचे लाडू ती ऑर्डरीतल्यासारखे करणार नाही, ते तुझ्याच हातचे हवेत, आणि या वेळी ते कस्टममध्ये अडकता कामा नयेत. म्हणून लाडू पाठवू नकोस, तूच ये. तुझा पासपोर्ट नाही, हे मला माहीत आहे. व्हिसाचा अर्ज अजून केलेला नाही, तो मिळेल की नाही सांगता येत नाही, आणि दाजी "बघू" म्हणतील. तरीही दहा मिनिटांपूर्वी मी एक डिसेंबरची तुम्हा दोघांची तिकिटं काढली. सगळ्यांत स्वस्त होती ती. परत होत नाहीत.