काळ्या गाडीवर फिरलेला पदर

रत्नदीप,

गाडीवरचं कापड काढण्याआधी हे वाच. तीन दिवस मशीन फिरवून तू ज्या काळ्या गाडीची चमक परत आणलीस, ती मी खराब केली. तू वरून द्यायच्या चमकीच्या लेपाची बाटली आणायला नागपूरला गेलास आणि मला बॉनेटवर पॉलिशची पांढरी भुकटी दिसली. "आजी, गाडीले हात नको लावजो," असं तू बजावलं होतंस. पण तुझा आबा साहेबांची जीप चालवायचा, तेव्हा मी जुन्या लुगड्याने ती अशी पुसायची की साहेब म्हणत, "धुरपताबाई, याच्यात तर तोंड दिसते!" तोच हात फिरला. पदर कोरडा होता, त्याला अंगणातली धूळ होती. मग ओरखडे शोधायचा तुझा दिवा लावून पाहिलं, तर चंद्राला खळं पडतं तसे गोल गोल ओरखडे.

चार वाजता महादेवराव आपली गाडी न्यायला येतील. त्याआधी मीच बसने केळझरला त्यांच्या घरी जाते. हे फोनवर सांगण्यासारखं नाही. हात माझा फिरला, पोराचा नाही, एक दिवस वाढवून द्या, म्हणून हात जोडीन. रंग पातळ झालाय म्हणाला होतास. हलक्या हाताने ओरखडे निघतील ना रे?

ही गाडी बिघडली तर पुण्याच्या कंपनीत जातो, असं तू परवा म्हणालास. भरलेली बॅगही मी पाहिली. तिला कुलूप लावलं आहे आणि किल्ली माझ्या कमरेला आहे. मी येते, तोवर तू मशीन सुरू कर.

आजी